घड्याळाचा चाप

आप्पांचं नख मोडलं, पण चाप उघडला नाही.

कोल्हापुरात साड्यांच्या एका दुकानाच्या वर किरणशेठ नावाच्या माणसाचं ऑफिस होतं. तिथे आम्ही तिघं बसलो होतो. मी, माझे वडील आप्पा आणि ज्या मुलाशी माझं लग्न ठरलं होतं त्या सम्मेदचे मामा, सुकुमारअण्णा. समोर काळ्या मखमलीवर एक वापरलेलं स्विस घड्याळ ठेवलेलं होतं, स्टीलच्या पट्ट्याचं. आप्पा पट्टा उघडायला गेले आणि नख मोडून बसले. बोट तोंडात घालून ते कसनुसं हसले.

"असं नव्हे आप्पा, आणा इकडं," किरणशेठ म्हणाले. "आधी ही बारकी पट्टी वर घ्यायची, मग दोन्हीकडनं दाबायचं. नव्या माणसाला जमत नाही. चार महिने वापरलं की नुसत्या अंगठ्यानं उघडतंय बघा, बघायला पण लागत नाही."

त्यांनी उघडून दाखवलं, तेही दुसऱ्या खेपेला. मग मी प्रयत्न केला. मलाही जमलं नाही. सुकुमारअण्णा म्हणाले, सम्मेद शिकेल की, इंजिनियर आहे आमचा. सगळे हसले, म्हणून मीही हसले.

त्या ऑफिसचं दार लोखंडी होतं. आत आलं की ते आपोआप बंद व्हायचं आणि किरणशेठनी टेबलाखालचं बटण दाबल्याशिवाय उघडायचं नाही. मोलाचा माल असतो, काळजी घ्यावी लागते, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं. मला ते पटलंही होतं. तरी माझी मान सारखी त्या दाराकडे वळत होती.

घड्याळाची कल्पना अण्णांची. आमच्याकडे साखरपुड्यात मुलाला कपडे, अंगठी आणि घड्याळ करतात. एरवी ते घड्याळ गावातल्या दुकानातून येतं आणि पुढे आयुष्यभर कपाटात पडून राहतं. पण अण्णा एकदा चहाला आले आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, की सम्मेदच्या कंपनीतल्या मित्रांना सासऱ्यांकडून स्विस घड्याळं मिळालीत. आम्ही मागत नाही हो, आपलं कानावर घातलं. आप्पांनी नव्याची किंमत विचारून घेतली आणि दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी अण्णांनीच वाट काढली. वापरलेलं घ्यायचं. निम्म्यात मिळतं, ओळखीचा माणूस आहे, आणि मुलाला कुठे कळणार आहे?

मला हे सगळं मुळीच आवडलं नव्हतं, आणि न आवडलेलं तोंडावर दिसतं हा माझा जुना रोग आहे. आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, पत्रिका वाटून झाल्या, हॉल ठरला. आता घड्याळावरून खोड काढू नकोस, म्हणाली. तिचंही खरं होतं. सम्मेद मलाही आवडला होता. कमी बोलायचा, पण मी बोलत असताना मोबाईल बघायचा नाही, आणि तेवढ्यावर त्या काळी मी बरीच खूश होते.

तेव्हा मी सांगलीत एका हाडांच्या डॉक्टरांकडे फिजिओथेरपिस्ट होते. लोकांचे हात-पाय हलवून बघणं हा माझा धंदाच. पण माणसाचा हात बघायची सवय त्याच्याही आधीची, आप्पांकडून आलेली. आप्पा हळदीचे अडते. मी लहान असताना त्यांच्या बाजारात मोठे सौदे तोंडाने होत नसत. घेणारा आणि देणारा हातात हात घालत, वर रुमाल पडे आणि आत बोटांनी भाव चाले. बाहेरच्या माणसाला दोघांचे चेहरे तेवढे दिसत. रविवारी दुपारी आप्पा खांद्यावरचा टॉवेल आमच्या दोघांच्या हातावर टाकून मला ते शिकवायचे. एक बोट धरलं की किती, पंजा धरला की किती. आणि सौदा नको असेल तर समोरच्याची बोटं हळूच दुमडून त्याची मूठ मिटवायची.

"मग तो विचारणार नाही, का नको म्हणून?" मी विचारलं होतं.

"मूठ मिटली की कारण विचारायचं नाही," आप्पा म्हणाले होते. "चारचौघांत कुणाचाच माल वाईट ठरत नाही. म्हणून तर वर रुमाल."

अण्णाही त्याच बाजारातले, तंबाखू आणि हळदीचे जुने दलाल. आप्पांनी त्यांच्याशी कितीतरी सौदे केले होते. सम्मेदचं स्थळही त्यांनीच आणलं. त्यामुळे त्यांनी दाखवलेल्या मालावर शंका घेणं आप्पांच्या जिवावर येत होतं. शंका मला एकटीलाच होती, आणि मी घरून अभ्यास करून आले होते.

मी विचारायला सुरुवात केली. पेटी मूळची आहे का? आहे. गॅरंटी कार्ड? किरणशेठनी काढून दिलं. त्यावर घड्याळाचा नंबर होता, दुकानाचा शिक्का होता. घड्याळावरचा नंबर मी माझ्या मोबाईलच्या उजेडात वाचला, जुळला. मग मी म्हटलं, मागचं झाकण उघडून आतली यंत्रणा बघायची आहे.

आप्पांनी माझ्याकडे न बघता टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला.

"पद्मजा," अण्णा म्हणाले, आवाज गोडच होता, "मी मध्ये आहे न्हवं? घरातलं माणूस मध्ये असताना झाकण उघडायचं म्हणजे कसं दिसतंय ते?"

"उघडू द्या की," किरणशेठ म्हणाले. "ताईंचं बरोबर आहे. विश्वास असला तरी बघून घ्यावं."

त्यांनी झाकण उघडलं. मी छापून आणलेल्या फोटोंशी एकेक गोष्ट ताडून बघितली. सगळं तसंच होतं. तरी मी म्हटलं, कंपनीच्या पुण्याच्या सर्व्हिस सेंटरकडून तपासून घेऊ. किरणशेठ त्यालाही तयार होते, फक्त पंधरा दिवस लागतील म्हणाले. साखरपुडा रविवारी होता. मग मी शेवटचं विचारलं, आधी कुणाचं होतं?

या एकाच प्रश्नावर किरणशेठनी माझ्याकडे न बघता अण्णांकडे बघितलं. मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ मी वेगळा लावला. शिष्ट मुलीला कसं आवरायचं, असं ते विचारताहेत असं मला वाटलं.

"बाहेरगावची पार्टी आहे," ते म्हणाले. "नाव सांगत नाही आम्ही. उद्या तुमचंही नाव कुणाला सांगणार नाही."

"आता घड्याळाचं पण गोत्र विचारणार काय?" अण्णा म्हणाले, आणि आप्पासुद्धा हसले.

पट्ट्यातून काढलेल्या कड्या एका छोट्या थैलीत होत्या. आधीच्या मालकाचं मनगट बारीक असावं म्हणून त्या काढलेल्या. जाड हाताला हव्या असतील तर पुन्हा बसवून देतो, किरणशेठ म्हणाले. मी पट्टा हातात धरून अंदाज घेतला. सम्मेदचा डावा हात कॉलेजात क्रिकेट खेळताना मोडला होता. नीट व्यायाम न केल्यामुळे तो थोडा बारीकच राहिला होता, हे मला पहिल्याच भेटीत दिसलं होतं. त्याला हा पट्टा असाच बसेल असं मी म्हटलं आणि मला चक्क बरं वाटलं. तेवढाच एक हेलपाटा वाचला.

पैसे दिले. बटण दाबलं गेलं, दार उघडलं. जिन्यात मी अण्णांची माफी मागितली. मनापासून मागितली, कारण घड्याळ खरं होतं. ते म्हणाले, चालायचंच, शिकलेल्या पोरी अशाच. गाडीत आप्पा सांगलीपर्यंत एकच वाक्य बोलले, की आता यापुढे त्या घरच्या कशावरही शंका घ्यायची नाही. मी हो म्हटलं. खरं तर त्याच वेळी मी पुरती अडकले होते. माझ्या वाट्याची सगळी शंका मी घड्याळाच्या पोटात घालवून बसले होते, आणि आता काही विचारायला तोंड उरलं नव्हतं.

रविवारी हॉल गच्च भरला होता. आमच्या बाजूचे, त्यांच्या बाजूचे, आप्पांचे बाजारातले, माझ्या डॉक्टरांचं कुटुंब. पंखे फिरत होते तरी मेकअपखाली घाम येत होता. सम्मेदच्या आईने मला कुंकू लावलं, ओटी भरली, मांडीवर मोरपंखी साडी ठेवली. मग आमच्या बाजूने त्याला शेला, नारळ, कपडे. त्यानंतर आप्पांनी ती पेटी उघडून त्याच्यापुढे धरली. फोटोवाला पुढे सरकला. अण्णा मोठ्याने म्हणाले, बघून घ्या, सासऱ्यानं काय दिलंय ते.

पेटीत बघताच सम्मेद थांबला. अगदी थोडाच. मग त्याने घड्याळ उचललं. त्याचे डोळे फोटोवाल्याकडे होते. अंगठा पट्टीखाली गेला, पट्टी वर आली, चाप उघडला. न बघता. हात आत गेला आणि चाप टिचकी वाजवून बसला. पट्टा मनगटाला असा बसला की मधे करंगळीही शिरली नसती.

टाळ्या वाजल्या. मी मात्र त्याच्या अंगठ्याकडे बघत होते.

त्याच्या शेजारच्या खुर्चीवर मला बसवलं. मी हसरा चेहरा ठेवून खालच्या आवाजात विचारलं, "हे तुमचंच होतं ना?"

त्याने बाही ओढून घड्याळ झाकलं.

"सम्मेद, मी विचारतेय."

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "शपथ. मामांनी विकायला नेलेलं. तेच तुम्हाला दिलंय हे मला आत्ता पेटीत बघून कळलं. काचेवर खालच्या बाजूला बारीक चरा आहे, तो माझ्याकडूनच पडलेला."

"तुम्हाला कुणी दिलेलं?"

"इचलकरंजीच्या लोकांनी." त्याने बाही आणखी खाली ओढली. "आधी एकदा साखरपुडा झाला होता माझा. मोडला."

समोरून कुणीतरी मावशी आमच्यावर अक्षता टाकून गेली. आम्ही दोघंही तिच्याकडे बघून हसलो.

"का मोडला?"

"त्यांनी पुण्यात फ्लॅट घेऊन द्यायचा होता, ते त्यांच्याच्यानं झालं नाही. आईचं आणि मामांचं पटलं नाही त्यांच्याशी."

"मग घड्याळ परत का दिलं नाही?"

"ते आई बघत होती."

"आणि मला का सांगितलं नाहीत?"

"लग्नानंतर सांगणार होतो. पद्मजा, प्लीज. आता काही बोलू नका, सगळे बघताहेत."

तो वाईट माणूस नव्हता. आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण त्याने मला जे सांगितलं ते मला नीट कळलं होतं. एका मुलीच्या बापाने दिलेली वस्तू त्यांनी ठेवून घेतली, माझ्या बापाला विकली, आणि त्याच पैशांनी माझ्या मांडीवरची साडी आली असेल. आणि हे सगळं बघून त्याला सुचलं ते एवढंच, की मी बोलू नये. उद्या फ्लॅटची वेळ माझ्या आप्पांवर आली, तर तो असाच बाही ओढून बसणार होता.

आणि मी? मी काय करणार होते? ओरडले असते तर आप्पांनी बाजारात मिळवलेली सगळी पत त्या पंख्यांखाली उडाली असती. गप्प बसले असते तर दहा मिनिटांत बोटात अंगठी होती. त्याची आई म्हणाली, चला, साडी नेसून या, मग अंगठ्या. माझी आई माझ्या दंडाला धरून उठवायला लागली. मी उठले नाही. आई कानाशी म्हणाली, "ऊठ गं, लोक बघायला लागलेत." जो तो मला तेच सांगत होता.

तेवढ्यात आप्पा आले. ते मघापासून पेटी ठेवलेल्या टेबलाशीच उभे होते. त्यांचं मोडलेलं नख अजून वाढलं नव्हतं, त्यावर चिकटपट्टी होती. सम्मेदला तो चाप अंगठ्याने उघडताना त्यांनीही बघितलं होतं. आमचं बोलणं त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण बाजारात त्यांनी जन्मभर ऐकू न येणारी बोलणीच तर बघितली होती.

ते माझ्या शेजारी बसले. काही विचारलं नाही. खांद्यावरचा नवा टॉवेल त्यांनी काढला, घाम पुसल्यासारखं केलं आणि तो आमच्या दोघांच्या हातांवर पडू दिला. आत त्यांचा हात माझ्या हातात आला. पाचही बोटं उघडी. ती नुसती उघडी ठेवून ते समोर बघत राहिले. त्यांच्या ओळखीचा कुणीतरी वाकून नमस्कार करून गेला, त्याला त्यांनी मानेने उत्तर दिलं.

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी आप्पांची बोटं चाचपली. अंगठ्याजवळ पोत्यांच्या सुतळीने पडलेला घट्टा होता. मग मी एकेक करून त्यांची बोटं दुमडली, करंगळीपासून, आणि वर माझा हात दाबून मूठ मिटवली.

आप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि उठले. मिटलेल्या हातावर टॉवेल तसाच ठेवून ते हॉलच्या पलीकडे अण्णांकडे गेले. अण्णा कुणाशी तरी हसून बोलत होते. टॉवेल पुढे आलेला बघून जुन्या सवयीने त्यांचा हात आपोआप खाली गेला. मी फक्त दोघांचे चेहरे बघत होते, बाहेरच्या माणसाला दिसतात तसे. अण्णांचं हसू गेलं. त्यांनी आप्पांकडे बघितलं, मग सम्मेदकडे, त्याच्या ओढलेल्या बाहीकडे.

त्यांनी कारण विचारलं नाही.

पुढे काय झालं ते लोकांनी आपापल्या परीने सांगितलं. कुणी म्हणालं मुलीला चक्कर आली, कुणी म्हणालं मुहूर्तात काही निघालं. आप्पांनी सगळ्यांना हात जोडून जेवायला बसवलं. आई आतल्या खोलीत माझ्यावर चिडून रडत होती आणि मी तिला पाणी देत होते. तोवर मी आप्पांना सगळं सांगितलं होतं. जाण्याआधी सम्मेद एकटा आला. त्याने आमच्यासमोर अंगठ्याने चाप उघडला आणि घड्याळ पेटीत ठेवलं. आप्पांनी त्याला एकच गोष्ट विचारली, इचलकरंजीच्या त्या घराचा पत्ता. त्याने तो सांगितला.

किरणशेठकडे आम्ही पुन्हा गेलो नाही. आठवड्याभराने आप्पा आणि मी इचलकरंजीला गेलो. घर यंत्रमागांच्या गल्लीत होतं, बोलणं मागांच्या आवाजातच करावं लागत होतं. गृहस्थ आप्पांच्याच वयाचे. सम्मेदचं नाव ऐकून आधी दारातच उभे राहिले. मग पेटी बघितली आणि म्हणाले, आत या.

आप्पांनी सगळी हकीकत सांगून पेटी त्यांच्यापुढे ठेवली. म्हणाले, "तुमचंच आहे. मोडल्यावर परत यायला पाहिजे होतं."

"पण तुम्ही तर हे पैसे मोजून घेतलंय म्हणता."

"घेतलं नाही," आप्पा म्हणाले. "सोडवून आणलंय."

त्या गृहस्थांनी पेटी जवळ ओढली. आतून त्यांच्या मुलीने चहा आणला, माझ्याकडे बघितलं आणि माझ्याच शेजारी येऊन बसली. त्यांनी घड्याळ हातात घेऊन चाप उघडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग आप्पांनी घेतलं. माग धडधडत होते, चहा निवत होता, आणि दोघं बाप आळीपाळीने ते घड्याळ उघडायला बघत होते.